लेबल हरवलेला दगड

भूविज्ञानाच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा येत्या जानेवारीत घ्यायचं आमच्या समितीत ठरलं आणि अध्यक्षपदासाठी आमच्या जुन्या सरांना विचारायचं काम माझ्याकडे आलं. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी नागपूरच्या रामदासपेठेतल्या त्यांच्या घरी गेले तेव्हा ते व्हरांड्यात वर्तमानपत्रं अंथरून, त्यांवर दगड मांडून बसले होते. मी आमंत्रणपत्रिकेचा मसुदा पुढे केला. त्यांनी चष्मा पुसला, कागद नीट वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"मेळावा भरवा. पोटभर जेवा. मीही येतो. पण यात 'विभागाचा इतिहास जतन करण्यासाठी' असं लिहिलंय, तेवढं काढा."

"का, सर? चुकीचं काय आहे त्यात?"

"जतन करायला हातात वस्तू लागते. तुमच्या समितीकडे काय आहे? फोन नंबर. ग्रुपवर काय चालून राहिलंय ते सून मला वाचून दाखवते. वाढदिवस, सुप्रभात आणि श्रद्धांजली."

"श्रद्धांजल्या वाढल्या, म्हणूनच आम्ही घाई करून राहिलो, सर."

तिथून आमचा वाद सुरू झाला आणि जेवायची वेळ टळून गेली तरी चालला. घरी आल्यावर मी तो आठवेल तसा लिहून काढला. मेळाव्याच्या सगळ्या कार्यक्रमपत्रिकेपेक्षा मला तो मोलाचा वाटतो. आमच्या गुरुशिष्यांत असा वाद आधी कधी झाला नव्हता. विद्यार्थिदशेत तर सरांशी वाद घालायची माझी छाती नव्हती.

सरांनी सुरुवात हिस्लॉपपासून केली, आणि नागपुरात दगडांबद्दल बोलायचं तर ती तिथूनच होते. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ साली नागपुरात आला. रॉबर्ट हंटर दोन वर्षांनी येऊन त्याला मिळाला. दोघं शाळा चालवायचे, आणि फिरतीवर असताना दगड गोळा करायचे. 'नागपूरच्या परिसरातील भूविज्ञान आणि जीवाश्म' या विषयावरचा त्यांचा लेख १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. १८८३ साली निघालेलं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. शहरातली पोरं ते नाव रोज घेतात, पण या माणसाने नागपुरातल्याच टाकळीच्या खडकातून गोगलगायी वेचल्या होत्या हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं.

"मांगलीची ती उभयचराची कवटी आठवते ना तुला?" सरांनी विचारलं.

"ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स," मी म्हणाले. तोंडी परीक्षेत सरांनी मला हाच प्रश्न विचारला होता.

"बरोबर. हिस्लॉप-हंटरनी गोळा केलेल्या जीवाश्मांतली. ती विलायतेला गेली, रिचर्ड ओवेनने १८५५ साली तिचं वर्णन करून नाव ठेवलं. आज एकशे सत्तर वर्षांनी कोणाला वाटलं की ओवेन चुकला, तर तो वस्तू मागवून पाहू शकतो. कशामुळे? वस्तू राहिली आणि तिच्यासोबत जागेचं नाव राहिलं. हिस्लॉपच्या वेळच्या माणसांना काय आठवत होतं, ते आज कोणाला विचारशील?"

"पण ती कवटी आपल्या मातीतली, सर. पाहायची तर लंडन गाठावं लागतं."

"त्याचं मलाही वाईट वाटतं. पण इथे राहिली असती तर आज कुठे असती, सांग बरं."

मला उत्तर माहीत होतं आणि ते द्यायला जीभ उचलत नव्हती. मी ज्या कॉलेजात काही वर्षं शिकवलं (नाव घेत नाही), तिथे प्रयोगशाळेला रंग द्यायचा होता. सुट्टीत कपाटं रिकामी केली गेली. त्याच आठवड्यात सायकल स्टँडची फरशी घालायचं काम चालू होतं आणि तिथे भरावाला दगड हवे होते. मला कळलं तेव्हा फरशी बसून गेली होती. कडेला एकच तुकडा पडलेला दिसला, गोंडाइटचा. त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि ठिपक्यावर काळ्या शाईत नमुन्याचा क्रमांक. तो क्रमांक ज्या रजिस्टरात शोधायचा ते रजिस्टर रद्दीत गेलं होतं.

गोंडाइट हा शब्द सगळ्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी यांचा हा खडक. लुइस फर्मोर या भूवैज्ञानिकाने भारतातल्या मँगनीजवर १९०९ साली मोठा ग्रंथ लिहिला, त्यात त्याने या खडकाला इथल्या गोंडांवरून नाव दिलं. जगातल्या कोणत्याही भूविज्ञानाच्या कोशात हा शब्द सापडतो. तो खडक आमच्या सायकल स्टँडखाली गाडला गेला आहे.

हे सगळं मी सरांना सांगितलं. त्यांना ते नवं नव्हतं. ते म्हणाले, "मग? माझ्याच बाजूने बोललीस तू."

"अर्धंच सांगितलं मी. रजिस्टर गेल्यावर मी गप्प बसले नाही. जुन्या मुलांना एकेक करून फोन केले. कोणत्या कपाटात काय होतं ते विचारत गेले. कोणाला कामठीच्या वाळूखडकातली पानं आठवली, कोणाला मनसरचं मँगनीज, कोणाला उमरेडचा कोळसा. एकाने तर तिसऱ्या खणाची कडी तुटकी होती हेही सांगितलं. महिनाभरात दोन वह्या भरल्या. माणसं होती म्हणून यादी परत उभी राहिली."

"यादी उभी राहिली. दगड आले का परत?"

"नाही आले."

"मग ती यादी म्हणजे मयताच्या घरची यादी."

मला हे लागलं. पण सर बोलायला लागले की कोणाला लागेल म्हणून थांबत नाहीत, आणि आमची पिढी त्यांच्याकडून तेच तर शिकली. त्यांनी मग नॅकचा विषय काढला. कॉलेजचं मूल्यांकन करताना माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा एक निकष असतो, त्यामुळे नॅकची समिती येण्याच्या आधी सगळीकडे मेळावे भरतात, फोटो निघतात, अहवालाला चिकटतात. कोणी माजी विद्यार्थी पाणपोई देतो, कोणी कमान. "नमुन्यांसाठी कपाट देणारा मला आजवर एक भेटला नाही," सर म्हणाले. इथे मी त्यांच्याशी सहमत आहे आणि तसं बोलूनही दाखवलं. आमच्या समितीच्या अंदाजपत्रकात मंडप आहे, ध्वनिव्यवस्था आहे, स्मृतिचिन्हं आहेत, कपाट नाही.

सुनेने चहा आणला. सोबत संत्रा बर्फी. सरांनी दगडांच्या कागदावर बशी ठेवू दिली नाही.

"तुम्ही माणसांच्या आठवणीवर एवढा अविश्वास का दाखवता?" मी विचारलं.

"झीरो माइलला जाऊन उभी राहा तासभर. येणाऱ्याजाणाऱ्याला विचार, हा खांब कशाचा. दहातले नऊ सांगतील, भारताचा मध्यबिंदू. फोटो घोड्यांसोबत काढतील, आणि ते घोडे मागाहून बसवलेले. खांबावर काय कोरलंय ते कोणी वाचत नाही. हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७०, छिंदवाडा ८३. बाजूलाच सर्वेक्षण खात्याचा १९०७ सालचा प्रमाण-उंचीचा दगड आहे. खरी शास्त्राची वस्तू ती. तिला नमस्कार करायला एक जण थांबत नाही. सगळ्या गावाची आठवण एकमुखाने चूक असू शकते, पण कोरलेली अक्षरं जागच्या जागी असतात. शंका आली तर वाचून पाहता येतात."

याचं उत्तर मला हिंगणघाटात सापडलं होतं. काही वर्षांपूर्वी मी तिथे मुद्दाम गेले होते, नागपूरहून पाऊणशे किलोमीटर. विल्यम लॅम्ब्टन तिथे २० जानेवारी १८२३ ला वारला. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने भारताच्या महामोजणीला हात घातला आणि वीस वर्षं ती उत्तरेकडे आणत राहिला. हैदराबादचा तळ नागपूरला हलवायला निघाला होता, वाटेतच गेला. पुढे त्याची जागा जॉर्ज एव्हरेस्टने घेतली. त्याच तुकडीत व्हॉयसी नावाचा डॉक्टर होता. भारताच्या भूविज्ञानाच्या आरंभीच्या लोकांत त्याचं नाव येतं, आणि सीताबर्डीच्या टेकडीतल्या खडकांवर त्याने लिहून ठेवलं आहे.

"लॅम्ब्टनचे आकडे छापले गेले म्हणून राहिले, हे मान्य," मी सरांना म्हणाले. "पण अर्ध्या टनाचं थिओडोलाइट कोणाच्या खांद्यावरून चढत होतं? निशाणं धरून टेकड्यांवर दिवस दिवस कोण उभं राहत होतं? जंगलातल्या तापाने किती खलाशी मेले? त्यांची नावं त्या जाडजूड खंडांत कुठे आहेत? लिहिणाऱ्याला जे दिसलं तेच कागदावर आलं. ज्याची नोंद घ्यावीशी वाटली नाही तो माणूस तिथेच संपला. तुमच्या वस्तूंच्या इतिहासाची ही खोट आहे, सर."

सर गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या पेटीतलं एक लेबल काढ."

लाकडी पेटीत कप्पे होते, प्रत्येक कप्प्यात एक नमुना आणि पोस्टकार्डाच्या पाव आकाराची एक चिठ्ठी. नाव, जागा, टोपोशीट क्रमांक ५५ ओ/४, तारीख. वळणदार, ठसठशीत देवनागरी अक्षर.

"कोणाचं अक्षर आहे?"

"तुमचं नाही," मी म्हणाले. सरांचं अक्षर वाचणं ही आमच्या वर्गाची वेगळी परीक्षा होती.

"आपल्या लॅब अटेंडंटचं. कामठीचा माणूस. सातवी शिकलेला. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ कुठे सापडतो हे त्याला एखाद्या रिसर्चवाल्याहून बरं कळायचं. निम्म्या पेट्या त्याने लावलेल्या आहेत. गेला तो. तुझ्या तीनशे जणांच्या यादीत त्याच्या घरचं कोणी आहे का?"

नव्हतं. विभागात शिकलेल्यांची आणि शिकवणाऱ्यांची नावं आम्ही गोळा केली होती. दरवर्षी ज्याने आमच्या हातात हातोडी आणि भिंग दिलं त्याचं नाव आमच्या कोणाच्या मनात आलं नाही. खलाशांसाठी मी दोनशे वर्षांमागच्या इंग्रजांशी भांडत होते आणि तीच चूक मी स्वतः केली होती. समितीच्या पुढच्या बैठकीत मी हे सगळ्यांना सांगितलं आहे. त्याच्या मुलाचा पत्ता मिळाला आहे.

वाद इथे निवळेल असं मला वाटलं होतं. निवळला नाही. सरांनी कागदावरचा एक दगड माझ्या हातात दिला. मुठीएवढा, काळपट गारेचा, त्यात पांढऱ्या गोगलगायींचे छेद. फायसा. लाव्हाचे दोन लोट येण्यामधल्या काळात तळ्यांत राहणारी गोगलगाय, सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. या दगडाची चिठ्ठी वाळवीने खाल्ली होती.

"कुठला?"

"टाकळीचा," मी लगेच म्हणाले. "आमच्या वर्षीच्या फील्डला सापडला होता."

"खात्री?"

मी फोन काढला. आमच्या वर्गातला एक जण ऑस्ट्रेलियात पर्थला आहे, सोन्याच्या खाणींत आयुष्य गेलं त्याचं. दुसरी मैत्रीण इथेच, त्रिमूर्तीनगरला. दोघांना फोटो पाठवला. पर्थहून पाच मिनिटांत उत्तर आलं: मोहगाव कलान, छिंदवाड्याची टूर, आपली बस बंद पडली त्या दिवशी. मैत्रिणीचा फोन आला: टाकळीच, दुसरं कुठलं, मीच फोडला होता तो, अंगठ्याला लागलं होतं.

सर हसले नाहीत. मला ते आवडलं. ते म्हणाले, "बघ. दोघं प्रामाणिक, दोघं हुशार, दोघं माझे विद्यार्थी. एक सांगतो सातपुड्यात, एक सांगते नागपुरात. कुठला जीवाश्म कुठल्या थरातला हे ठरलं नाही तर या दगडाचं शास्त्राला मोल शून्य."

मोहगाव कलान ही काही साधी जागा नव्हे. बिरबल साहनी आणि रोडे यांनी तिथल्या दगड झालेल्या वनस्पतींवर १९३७ साली लिहिलं. पुढे नागपूरच्या विज्ञान संस्थेतल्या डॉ. श्या चितळे यांनी त्याच जीवाश्मांवर वर्षानुवर्षं काम केलं. ही संस्था १९०६ साली व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स म्हणून निघाली. चितळेबाई उतारवयात अमेरिकेत गेल्या आणि क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात त्यांनी पुरावनस्पतींचा विभाग उभा केला. छिंदवाड्याच्या शेतातल्या दगडापासून क्लीव्हलँडच्या संग्रहालयापर्यंतचा हा प्रवास आमच्या विद्यार्थ्यांना कोण सांगणार?

म्हणून मी पुन्हा उसळले. "सर, दोन उत्तरं आली म्हणून दोन्ही फेकायची का? तुम्हीच शिकवलंत, दोन निरीक्षणं जुळली नाहीत तर दोन्ही लिहा. आज या दगडाबद्दल दोन साक्षी आहेत. वीस वर्षांनी एकही नसेल. मग हा अंगणातला दगड होईल, कोणीतरी कुंडीखाली ठेवेल."

आणि मग मी ते बोलून गेले जे चाळीस वर्षं बोलले नव्हते.

"तुमची १९८२ ची टूर डायरी काढा, सर. मँगनीजच्या खाणीची भेट."

त्यांनी ती शोधायला वेळ लावला नाही. डायऱ्या वर्षवार लावलेल्या होत्या. पान उघडलं. सरांच्या त्या अवघड अक्षरात: सर्व विद्यार्थी भूमिगत भागात उतरले, खनिजथराची जाडी व नती मोजली.

"सर्व विद्यार्थी नाही उतरले, सर. आम्ही तिघी मुली वर बसलो होतो. शाफ्टच्या बाहेर, शेडमध्ये, चार तास. १९५२ च्या खाण कायद्यात बायकांना जमिनीखाली कामाला मनाई होती आणि त्या खाणवाल्यांनी त्यावरच बोट ठेवलं. आम्ही शिकायला आलोय, कामाला नाही, असं मी म्हणाले होते. कोणी ऐकलं नाही. मुलं वर आली तेव्हा त्यांच्या वह्यांमधून आम्ही मोजमापं उतरवून घेतली आणि माझ्या जर्नलवर तुम्ही 'उत्तम' लिहून सही केली. ती नियमाची भिंत उठायला २०१९ उजाडलं. तुमचा कागद राहिला, आणि तो कागद खोटं सांगतो."

व्हरांड्यात बराच वेळ कोणी बोललं नाही. सरांनी डायरी मांडीवर घेतली. मला वाटलं ते ओळ खोडतील. त्यांनी खोडली नाही. पेन्सिल घेतली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "खाली लिही. आजची तारीख घाल. तुझं नाव घाल. बाकी दोघींची विचारून घाल."

मी लिहिलं. मूळ ओळ वर तशीच आहे.

"मला माहीत होतं," ते हळूच म्हणाले. "तुम्ही वर होतात हे माहीत होतं. लिहिताना मनात आलं नाही."

यानंतर आम्ही भांडलो ते कामाच्या तपशिलावरून. सरांचं म्हणणं, आधी वस्तू: ज्यांच्या घरी नमुने, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे खडकांचे काप, फील्ड डायऱ्या, जुन्या टोपोशीट पडल्या आहेत त्या एकत्र आणा, क्रमांक द्या, रजिस्टर करा, मग माणसं. माझं म्हणणं उलट: दगड सहा कोटी वर्षं थांबला आहे, आणखी दोन वर्षं थांबेल, माणूस थांबणार नाही. १९७२ च्या दुष्काळात राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निघाली तेव्हा भूविज्ञानाची मुलं त्यात भरती झाली आणि गावोगाव विहिरींच्या जागा दाखवत फिरली. ती मुलं आज पंचाहत्तरीच्या पुढची आहेत. लागलेल्या पाण्याच्या नोंदी सरकारी अहवालांत आहेत. कोरड्या गेलेल्या बोअरवर गावकऱ्यांसमोर उभं राहताना काय वाटलं, आणि पुढच्या गावात मग काय वेगळं पाहिलं, हे त्या माणसांकडेच आहे. सरांनी एवढंच विचारलं, "कोण विचारायला जाणार?" मी म्हणाले, आत्ताची मुलं. एक पाठ्यप्रकल्प म्हणून.

"कोणत्या कॉलेजची?" सरांनी विचारलं, आणि हा प्रश्न मला दिवसभरातला सर्वांत खोल वाटला. कारण नागपुरात पृथ्वीचं शिक्षण एका इमारतीत कधीच मावलं नाही. शहरच दोन खडकांच्या सांध्यावर आहे: पश्चिमेला बेसाल्ट, गिट्टीखदान हे वस्तीचं नावच ते सांगतं, पूर्वेला नीस. सेमिनरी हिल्सवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय, सिव्हिल लाइन्समध्ये १९४८ साली स्थापन झालेल्या खाण ब्यूरोचं मुख्यालय, अमरावती रोडवर १९७६ चा मृदा सर्वेक्षण ब्यूरो, १९८८ पासून सुदूर संवेदन केंद्र, मँगनीजची मॉईल, कोळशाची वेकोलि. विद्यापीठ १९२३ चं. या प्रत्येक ठिकाणी इथे शिकलेली माणसं बसली आहेत, आणि ती एकमेकांच्या पेट्यांत काय आहे ते जाणत नाहीत. सरांचा आग्रह असा की रजिस्टर एकाच विभागाचं असेल तर करूच नका. साऱ्या शहराचं एक करा, नमुना कोणाच्याही घरी राहो. मला ते जड वाटतं. आधी आमच्या विभागापुरतं तरी होऊ दे, असं मी म्हणाले. यावर आमचं जुळलं नाही. अजूनही जुळलेलं नाही.

निघताना मी हिस्लॉपचीच गोष्ट त्यांना परत केली. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना तो पुराच्या पाण्यात बुडाला, वय पंचेचाळीस. गोंडांबद्दलची त्याची टिपणं अर्धवट पडली होती. रिचर्ड टेंपलने ती लावून, संपादून १८६६ साली छापली. "मागे राहिलेला माणूस बसला म्हणून ती टिपणं आज आहेत, सर."

"कागद होते म्हणून बसला," सर म्हणाले, आणि आमंत्रणपत्रिका परत मागून घेतली. 'जतन करण्यासाठी' हे शब्द त्यांनी खोडले आणि वर लिहिलं: 'जतन सुरू करण्यासाठी'. अध्यक्षपद स्वीकारलं आहे. अट एक: मंडपाच्या खर्चातून एक लोखंडी कपाट, वाळवीचं भय नको.

काळ्या गारेच्या त्या दगडाला आता नवी चिठ्ठी आहे. तिच्यावर टाकळी आणि मोहगाव कलान दोन्ही नावं आहेत, कोणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला ते आहे, आणि फोडताना अंगठ्याला लागल्याचंही आहे.

नागपुरात भूगोल, भूविज्ञान, मृदाशास्त्र, सर्वेक्षण यांपैकी काहीही शिकलेल्या, शिकवलेल्या किंवा त्या प्रयोगशाळांत काम केलेल्या प्रत्येकाला विनंती: माळ्यावरची ट्रंक उघडा. दगड, डायरी, नकाशा, सहलीचा फोटो, जे असेल ते फेकण्याआधी किंवा आम्हाला देण्याआधी सोबत एक कागद ठेवा. काय आहे, कुठलं, कधीचं, तेव्हा बरोबर कोण कोण होतं. नक्की आठवत नसेल तर 'बहुधा' लिहा. खाली नाव आणि तारीख घाला. आणि पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई उडते.